केबल तोडली त्यानंतरच्या मे महिन्यात

रॉइसला हॉलमधल्या खुर्चीतून उठवायचं, मागच्या दारानं बाहेर काढायचं, अंगण ओलांडायचं आणि वादळात आसरा घ्यायच्या तळघरात उतरवायचं, या सगळ्याला अकरा मिनिटं लागतात. त्याच्या बायकोनं, नेल्डा प्रूइटनं, ते घड्याळ लावून मोजलं होतं. मार्चमधल्या एका रविवारी, ऊन लख्ख पडलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं, तेव्हा. खुर्चीतून उभं राहून वॉकर धरायला दोन मिनिटं. मागच्या दाराचा उंबरा ओलांडायला एक. अंगणाला पाच, कारण डावा पाय पडत नाही, ओढावा लागतो. आणि जमिनीतलं लोखंडी दार उचलून सात पायऱ्या, एकेक करत, तिच्या खांद्यावर भार टाकून, तीन.

"आणि माझ्या शिव्यांना किती धरलीस?" तळघरातल्या बाकावर टेकता टेकता रॉइसनं धापा टाकत विचारलं होतं.

"त्या तू चालता चालता देतोस. वेगळा वेळ लागत नाही."

"ड्रायव्हरीणबाई, मी म्हणजे तुझी बस नव्हे."

"असतास तर बरं झालं असतं. बस किल्ली फिरवली की चालते."

एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. ग्रेडी काऊंटीतला एकूण एक मातीचा रस्ता तिला मिनिटांत माहीत होता, मैलांत नाही. हॅन्सनच्या पेट्रोल पंपापासून नाल्याच्या पुलापर्यंत चार, पुलापासून कापसाच्या जुन्या जिनपर्यंत सहा. एकदा एप्रिलमध्ये समोर ढगातून वादळाचा काळा खांब उतरताना दिसला, तेव्हा तिनं बस थांबवून सगळी पोरं रस्त्याकडेच्या चरात पालथी झोपवली होती आणि स्वतः चरातून रांगत त्यांची डोकी मोजली होती. सत्तावीस. वादळ लांबून गेलं. पोरं चिखलानं माखून हसत घरी गेली. नेल्डा मात्र त्यानंतर कित्येक महिने जेवायला बसली तरी मनात आकडे मोजत असे. तिच्यातली काळजी म्हणजे अशी, जुन्या तेलविहिरीवरच्या पंपासारखी. तेल असो नसो, मान खाली-वर चालूच.

दोन वर्षांपूर्वी रॉइसला पक्षाघात झाला. तेलविहिरींवरचे पंप सांभाळण्यात आयुष्य काढलेला, सहा फूट दोन इंचांचा माणूस. तेव्हापासून तिच्या मोजणीत एकच डोकं राहिलं होतं, आणि ते सत्ताविसांपेक्षा जड होतं.

ही अकरा मिनिटं तिला गिल मॅडॉक्स द्यायचा.

गिल हा सहा नंबरच्या चॅनलचा हवामानवाला. तो काऊंटीचं नाव घेऊन थांबत नसे. "जिनच्या पूर्वेला जे राहतात ना, तुम्ही. हो, तुम्हीच. ताटं तशीच ठेवा आणि उठा," असं बोलायचा. चर्चच्या बाबतीत बॅप्टिस्ट पंथाचं मेथडिस्ट पंथाशी पटत नसे, पण गिलवर दोघांची श्रद्धा सारखीच. तो स्टुलावर बसून बोलतोय तोवर कपडे वाळत घाला. उभा राहिला की बूट चढवा. चष्मा काढून टेबलावर ठेवला की निघा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, तसं काही असलं तर गिल चालू कार्यक्रमात घुसतो. फुटबॉलचा सामना असो, राष्ट्राध्यक्ष बोलत असो, गिल घुसतोच. तो घुसला नाही, म्हणजे काही नाही.

फोनवरही इशारे येत, नाही असं नाही. पण फोन पुराला बोंबले, धुक्याला बोंबले, दोनशे मैलांवर कुणाचं पोर हरवलं तरी बोंबले. एका रात्री त्या आवाजानं दचकून रॉइस पलंगावरून खाली पडला होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिच्या फोनवरच्या इशाऱ्यांचं तोंड बंद करून टाकलं. "आपल्याला गिल आहे," तो म्हणाला. तिलाही ते पटलं.

ईस्टरला डॅलसहून टॅमरा आली. टॅमरा ही त्यांची एकुलती एक लेक, दातांच्या दवाखान्यात हिशेब बघणारी. जेवणं झाल्यावर टेबलावर पडलेलं केबलचं बिल तिनं उचललं.

"आई! दोनशे दहा डॉलर? महिन्याला? कशाचे?"

"गिलचे," नेल्डा म्हणाली.

"आणि उरलेल्या एकशे ऐंशी चॅनलचे?"

"ते गिलबरोबर येतात. चिंच घेतली की चिंचोके येतात तसे."

"बाबा, तुम्ही तरी सांगा हिला."

रॉइसनं हॅमचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "मला विचारशील तर केबलवाल्यांनी एवढ्या पैशात गिलला घरी पाठवायला पाहिजे. मला उचलून नेईल तरी."

टॅमरा एका दुपारीत सगळं करून मोकळी झाली. केबल बंद, केबलच्याच तारेवरून येणारा घरचा फोन बंद, इंटरनेट बंद. त्याऐवजी खिडकीत एक पांढरा डबा आला, मोबाईलच्या टॉवरवरून इंटरनेट पकडणारा. टीव्हीच्या मागे अंगठ्याएवढी एक कांडी खोचली गेली. "हे बघ, सहा नंबर. तुझा गिल. महिन्याला सत्तर डॉलर, संपला विषय." आणि जोडीला एक चपटा अँटेना, खिडकीच्या काचेला चिकटवायचा. "इंटरनेट गेलं तर हा आहेच. फुकट."

तो अँटेना म्हणजे जेवणाच्या ताटाखाली घालतात तसला पुठ्ठा. नेल्डानं तो पूर्वेच्या खिडकीला लावून पाहिला, उत्तरेच्या लावून पाहिला, फ्रिजवर ठेवून पाहिला. घर नाल्याकाठी, खोलगटात. त्यावर दोनच चॅनल आले. एकावर बाई अंगठ्या विकत होती आणि दुसऱ्यावर एक पाद्री नरकाचं वर्णन करत होता. गिल कुठंच नाही.

हे ऐकून हार्लन स्टिगलर पोट धरून हसला. हा समोरच्या चढावरचा शेजारी, सत्तरीचा, लग्न न केलेला. त्यानं जन्मात केबल घेतली नव्हती. त्याच्या छपरावर चाळीस फुटी खांब आणि खांबावर माशाच्या सांगाड्यासारखा अँटेना.

"नेल्डा, काचेला स्टिकर चिकटवून काय टीव्ही दिसतो? अगं, वर चढावं लागतं. माझ्याकडे जुना खांब पडलाय गोठ्यात. शनिवारी येतो, छपरावर ठोकून देतो."

"माझ्या छपरावर कुणी चढायचं नाही," रॉइस आतून गरजला.

"का रे बाबा? छप्पर दुखेल?"

"माझं छप्पर आहे. चढायचं तर मी चढेन."

हार्लननं वॉकरकडे पाहिलं, मग नेल्डाकडे, आणि टोपी डोक्यावर दाबून निघून गेला. तो विषय तिथंच राहिला.

नेल्डानं कांडीची परीक्षा घेतली. तीन आठवडे, रोज सहाच्या बातम्यांना ती घड्याळ घेऊन बसे. गिल येई. मोबाईलवरून हार्लनच्या घरच्या फोनवर विचारी, "तुझ्याकडे आत्ता काय म्हणाला?" हार्लनकडचा गिल अर्धं मिनिट पुढे असे. म्हणजे तिचा गिल अर्धं मिनिट शिळा. तिनं अकरामध्ये अर्धं मिळवलं आणि बारा धरली. तरी झोप काही पूर्वीसारखी लागेना. तारेचं कसं, दिसते. तार खांबावरून घरात येते, तुटली तर लोंबते, कळतं. या डब्यातून काय येतं आणि कुठून, हे कुणाला दिसतंय?

"हवेतून येतं," रॉइस म्हणाला.

"वादळही हवेतूनच येतं."

"मग दोघं रस्त्यात भेटतील. गिल त्याला समजावेल."

रिमोट मात्र सेल खायचा. तिसऱ्या आठवड्यात तो बंद पडला तेव्हा रॉइसनं तळघरातल्या छोट्या रेडिओचे सेल काढून आणवून त्यात घातले. "उद्या नवीन आण," म्हणाला. उद्या राहून गेला.

तो मंगळवार सकाळपासूनच चिकट होता. दक्षिणेचा वारा सुटलेला, अंग पुसलं तरी ओलं. सहाच्या बातम्यांत गिल स्टुलावर बसलेला होता. "पश्चिमेला ढग चढतायत. आत्ता लगेच कुणी उठायचं कारण नाही. आमचं लक्ष आहे. काही झालं तर मी मध्येच येईन." पडद्याच्या कोपऱ्यात काऊंट्यांचा छोटा नकाशा लागला, पिवळा. असा नकाशा लागला की तो संकट टळेस्तोवर हलत नाही.

त्यांनी घेवड्याचं कालवण आणि मक्याची पावरोटी खाल्ली. पावणेसातला वाऱ्याचा एक झोत आला आणि वीज गेली. दहा आकडे मोजून होतात न होतात तोच परत आली. फ्रिज कण्हला, खिडकीतल्या डब्याचा दिवा लाल झाला, पिवळा झाला, मग पांढरा. टीव्ही बराच वेळ चक्र फिरवत बसला. नेल्डा त्याच्यासमोर उभी.

"बस गं. उभं राहून तो लवकर येतो का?"

सातच्या ठोक्याला चित्र आलं. गाण्याची स्पर्धा. मंगळवारची नेहमीचीच. एक जाडा मुलगा आईच्या आठवणीनं रडत होता. पडदा स्वच्छ. कोपऱ्यात नकाशा नाही.

"बघ," रॉइस म्हणाला, "नकाशा काढला. टळलं."

नेल्डा खुर्चीच्या कडेवर बसली. नकाशा नाही, म्हणजे टळलं. मग खिडकीबाहेर अंगण हिरवं का दिसतंय? गवत हिरवं असतं, पण दोरीवरचा पांढरा टॉवेलही हिरवा दिसत होता.

"रॉइस, उजेड बघ."

"संध्याकाळ झाली."

"साडेआठला मावळतो सूर्य."

"ढग आहेत, नेल्डा. ढग असले की अंधारतं. गिल आलाय का? नाही. मग?"

मुलगा गाऊ लागला. बरा गात होता. वारा एकदम पडला. दोरीवरचा टॉवेल सरळ लोंबू लागला. नेल्डा खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून पुढे सरकली. पण ती उठली नाही, कारण गिल उठला नव्हता. पन्नास वर्षांची सवय. आपण घाबरट आहोत हे ती जाणून होती. उगाच या माणसाला अंगणातून ओढत न्यायचं, रडवायचं, आणि खाली जाऊन समजायचं की काही नव्हतंच? मागच्या वर्षी दोनदा तसं झालं होतं. दुसऱ्या वेळी तो चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

गाणं संपलं, जाहिरात लागली. गाड्या विकणारा एक टकला माणूस हात पसरून ओरडत होता, "विचिटावाल्यांनो, या, आमच्याकडे या!"

नेल्डा पडद्याकडे बघत राहिली. इथल्या गाडीवाल्याला मिशी होती. इथला गाडीवाला कुत्रा घेऊन येई. आणि विचिटा?

"विचिटा कॅन्ससमध्ये आहे. दुसऱ्या राज्यात," ती म्हणाली.

"असू दे की."

"रॉइस, विचिटा कॅन्ससमध्ये आहे! हा टीव्ही कॅन्ससमध्ये बसलाय! डबा बंद होऊन चालू झाला ना, त्याला वाटतंय तो तिकडंच आहे. सहा नंबर इथला नाही हा. तिथं ढग नाहीत, म्हणून नकाशा नाही. गिल कुठून येणार?"

रॉइसनं रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"ऊठ," ती म्हणाली. तिचा हात सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे गेला. सात वाजून अठरा.

"पण गिल काय म्हणतोय ते तरी..."

"गिलला सोड. ऊठ!"

तो उठला, पण पहिल्या झटक्यात नाही, तिसऱ्या. पाय गाळात रुतल्यासारखा. वॉकरची रबरी टोकं गालिच्यात अडली. उंबऱ्यावर त्याचा डावा बूट सुटला.

"बूट राहू दे!"

"काचा असतील तर?"

"रॉइस, बूट राहू दे!"

अंगणात पाऊल टाकलं तेव्हा एकही पाखरू ओरडत नव्हतं. पश्चिमेला, नाल्यापलीकडे, ढगाच्या पोटाला एक फुगवटा आला होता आणि तो हळूहळू फिरत होता, म्हशीनं मान फिरवावी तसा. नेल्डानं तो रॉइसला दाखवला नाही. ती बस चालवतानाच्या आवाजात बोलत राहिली. "उजवा. डावा ओढ. उजवा. छान. उजवा."

अर्ध्या वाटेवर असताना रस्त्यावरून हार्लनची पिकअप धूळ उडवत थेट अंगणात घुसली.

"फोन का उचलत नाही गं तू?" तो उतरता उतरता ओरडला. "पाच मिनिटं वाजवतोय!"

"कुठला फोन?"

"घरचा!"

"तो केबलबरोबरच गेला! मोबाईलवर करायचास!"

"तो नंबर मला पाठ आहे का? गिलनं चष्मा काढलाय! जिन म्हणाला, नाल्याचा पूल म्हणाला, स्टिगलरची चढण म्हणाला. माझं नाव घेतलं त्यानं टीव्हीवर!"

"कौतुक नंतर! त्याला धर!"

हार्लननं वॉकर बाजूला भिरकावला आणि रॉइसच्या काखेत खांदा घातला. सत्तरीचे दोन म्हातारे आणि मध्ये एक लोंबता पाय. "माझ्या अंगणात गाडी कुणी घालायला सांगितली?" रॉइस दातओठ खात म्हणाला. "गप रे," हार्लन म्हणाला, "चाल." नेल्डा पुढे धावली आणि लोखंडी दार तिनं दोन्ही हातांनी उचललं.

तिसऱ्या पायरीवर होते तेव्हा पहिली गार पडली. बेसबॉलएवढी. ती पिकअपच्या टपावर आदळली आणि बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. उरलेल्या चार पायऱ्या ते उतरले की घसरले, कुणालाच नीट सांगता आलं नसतं. नेल्डानं दार ओढून घेतलं, आडणा सरकवला आणि विजेरी लावली.

मग वर जे सुरू झालं त्याला आवाज म्हणणंही चुकीचंच. कानात दडे बसले. दार कड्यांवर उडू लागलं. नेल्डा आडण्याला दोन्ही हातांनी लोंबकळली आणि हार्लन तिच्या मागून. रॉइस बाकावर, एका पायात बूट, एका पायात मोजा, ओरडत होता. "सोडू नका! सोडू नका!" जणू ते सोडणारच होते.

मग ते कमी झालं, पाऊस राहिला, आणि मग नुसतं ठिबकणं.

"गेलं?" रॉइसनं विचारलं.

खालचा रेडिओ फळीवर होता, सेल काढलेला, पोकळ. गेलं की नाही हे दर वेळी गिल सांगायचा. हार्लननं दाराकडे हात नेला.

"थांब," नेल्डा म्हणाली.

"किती वेळ?"

"मला माहीत नाही. थांब."

ते वीस मिनिटं तसेच बसले. शेवटी तिनंच दार बोटभर उचलून पाहिलं. घर उभं होतं. छप्पर होतं. पिकअपच्या काचेचा चुरा झाला होता. नंतर चढावरून पाहिलं तेव्हा दीड मैल उत्तरेला हेन्स्ली शेजाऱ्यांच्या गोठ्याच्या जागी आता नुसती फरशी होती आणि त्यावर गाई, जिवंत, गोंधळलेल्या, कुठं जावं न कळून उभ्या.

टॅमराचा फोन आला तेव्हा ती हुंदके देत होती. "माझ्यामुळे, आई. मी केबल तोडली."

"रडू नकोस. बाबा ठीक आहेत. हार्लनच्या गाडीला नावं ठेवतायत."

"मी उद्याच्या उद्या केबल परत लावते."

"नको गं राणी. नको."

तिनं लेकीला खरं कारण सांगितलं नाही. रॉइसलाही नाही. आडणा सरकवला तेव्हा सवयीनं तिनं घड्याळ पाहिलं होतं. सात पस्तीस. अठरापासून पस्तीस म्हणजे सतरा मिनिटं, आणि तीही शेवटी हार्लननं जवळजवळ उचलून आणलेलं धरून. मार्चमध्ये अकरा होती. दोन महिन्यांत पाय एवढा गेला, आणि ती रोज त्याला आंघोळ घालूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं. गिल कधी वीस मिनिटं आधी सांगतो, कधी बारा. म्हणजे केबल असती, गिल असता, चष्मा वेळेवर निघाला असता, तरीही बारा मिनिटं पुरली नसती.

गुरुवारी हार्लन खांब घेऊन आला. रॉइस अंगणात खुर्चीवर बसून खालून हुकूम सोडत होता, "डावीकडे! तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडे!" त्याच्या छपरावर दुसरा माणूस चढला होता आणि तो मान वर करून बघत होता, एवढंच. संध्याकाळी गिल आला, इतका स्पष्ट की गालावरचा तीळ दिसला.

"झालं," रॉइस म्हणाला. "फुकटात गिल. आता तरी झोपशील?"

"उद्या दुपारनंतर ढग आहेत म्हणतोय."

"मग? तो सांगेल की."

"उद्या जेवण खाली."

"खाली कुठं?"

"तळघरात. अकरा वाजता निघायचं. सावकाश. मी तुझी खुर्ची नेऊन ठेवलीय."

"नेल्डा! माणसानं दिवसभर खड्ड्यात बसायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"आणि ढग आलेच नाहीत तर?"

"तर वर येऊ."

"आणि परवा?"

ती विजेरीतले सेल तपासू लागली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर स्वतःच्या डाव्या पायाकडे गेली आणि तिथंच राहिली.

शुक्रवारी अकराला आकाश निळंभोर होतं. रॉइस शिव्या न देता खाली उतरला, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं त्याला पाव आणि चीज दिलं, पाणी दिलं, नवे सेल घातलेला रेडिओ त्याच्या मांडीवर ठेवला. स्वतः सगळ्यात वरच्या पायरीवर बसली, लोखंडी दार उघडं ठेवून, तोंड पश्चिमेला करून.

"काय दिसतंय?" खालून आवाज आला.

"काही नाही."

"मग खाली ये. खा काहीतरी."

"तू खा," ती म्हणाली. नाल्यापलीकडे, अगदी कडेला, एक पांढरा पुंजका वर येत होता. कापसाएवढाच. ती त्याच्यावरची नजर काढेना.